दहावीतल्या मुलीने एपी कॅल्क्युलस बीसीची परीक्षा घरी अभ्यास करून द्यावी का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी अमेरिकेतील पब्लिक हायस्कूलमध्ये दहावीत आहे आणि या वर्षी तिला प्रीकॅल्क्युलस आहे. शाळेच्या क्रमाने अकरावीत कॅल्क्युलस एबी आणि बारावीत त्याहून पुढचे बीसी येते. पण येत्या मे महिन्यातच, घरी अभ्यास करून, एपी (म्हणजे हायस्कूलमध्येच देता येणारी कॉलेजच्या पातळीची) कॅल्क्युलस बीसीची परीक्षा द्यायची आणि जोडीला सायकॉलॉजी व एन्व्हायरनमेंटल सायन्सच्याही परीक्षा उरकायच्या, असे तिने ठरवले आहे. त्यामुळे कॉलेजचे एक वर्ष आणि त्या वर्षाची फी वाचेल, असे तिच्या वडिलांना वाटते. तुम्हाला मात्र एवढ्या लवकर एवढे ओझे घेणे पटत नाही. मी बरीच वर्षे हायस्कूलमध्ये एपी कॅल्क्युलस शिकवत आहे आणि जूनमध्ये होणाऱ्या उत्तरपत्रिकांच्या तपासणीतही काम केले आहे, म्हणून गणिताविषयी जरा विस्ताराने आणि बाकीच्या दोन विषयांविषयी थोडक्यात लिहिते.

तुमच्या प्रश्नात प्रत्यक्षात तीन प्रश्न एकमेकांत मिसळलेले आहेत. तिला चांगले गुण मिळतील का, हा पहिला. मिळालेल्या गुणांचा कॉलेजमध्ये उपयोग होईल का, हा दुसरा. आणि ही परीक्षा झाल्यावर अकरावी व बारावी या दोन वर्षांत ती कोणते गणित शिकणार, हा तिसरा. पालक बहुधा पहिल्या दोन प्रश्नांवर अडतात. माझ्या अनुभवात मुलांचे नुकसान होते ते तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी न शोधल्यामुळे, आणि तुमच्या बाबतीतही निर्णय त्यावरच घ्यावा असे मला वाटते.

आधी उपयोगाचे पाहू. एपी परीक्षेचे गुण १ ते ५ असतात. कॉलेज बोर्ड ही संस्था परीक्षा घेते आणि गुण कळवते. त्या गुणांचे काय करायचे हे मात्र प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवते. कॅलिफोर्निया विद्यापीठ ३ किंवा अधिक गुणांना युनिटे, म्हणजे पदवीसाठी मोजली जाणारी अभ्यासाची मापे, देते. इलिनॉयसारख्या काही राज्यांत तर सरकारी कॉलेजांनी ३ गुणांना क्रेडिट द्यावे असा कायदाच आहे. दुसऱ्या टोकाला कॅलटेक एपीच्या गुणांवर क्रेडिट देत नाही. डार्टमथने २०१३ साली जाहीर केले की पुढच्या वर्षी प्रवेश घेणाऱ्या तुकडीपासून एपीला पदवीचे क्रेडिट मिळणार नाही. मात्र गुण पाहून वरच्या वर्गात बसण्याची मुभा तिथे राहिली. एमआयटी कॅल्क्युलस बीसीमध्ये ५ असतील तर पहिल्या सत्राच्या कॅल्क्युलसचे क्रेडिट देते, ४ असतील तर देत नाही. तेव्हा एकच परीक्षा, एकच गुण आणि तीन ठिकाणी तीन निकाल, अशी स्थिती आहे.

इथे क्रेडिट आणि प्लेसमेंट यांतला फरक लक्षात घ्यायला हवा. क्रेडिट म्हणजे पदवीसाठी लागणाऱ्या एकूण युनिटांतून काही युनिटे कमी होणे. प्लेसमेंट म्हणजे प्राथमिक वर्ग वगळून थेट पुढच्या वर्गात बसता येणे, ज्यात एकूण युनिटे कमी होतीलच असे नाही. शिवाय मिळालेले क्रेडिट नेमके कशात मोजले जाते हेही पाहावे लागते. अनेकदा ते ऐच्छिक विषयांच्या खात्यात जाते, आणि तिथे युनिटांचा तुटवडा सहसा नसतोच.

वर्ष वाचण्याची अपेक्षा बहुतेक वेळा इथेच फसते. इंजिनीअरिंगसारख्या शाखेत चार वर्षांची लांबी एकूण युनिटांपेक्षा विषयांच्या साखळीवर अवलंबून असते: अमुक विषय झाल्याशिवाय तमुक घेता येत नाही, आणि तो वर्षातून एकाच सत्रात शिकवला जातो. एपीमुळे साखळीचे पहिले एक-दोन दुवे निघाले, तर त्या वेळेत दुसरा विषय घेता येतो, एखादे सत्र हलके जाते, क्वचित एक सत्र आधी पदवी मिळते. अनेक मोठ्या सरकारी विद्यापीठांत जास्त युनिटे असलेल्या विद्यार्थ्यांना वर्गनोंदणी आधी करता येते, हा फायदा फारसा कुणी सांगत नाही. तो खरा आहे. पण अख्ख्या वर्षाची फी वाचेल असे गृहीत धरून मुलीवर तीन परीक्षा लादणे मला रास्त वाटत नाही. मानव्यविद्या किंवा समाजशास्त्रांच्या शाखांत, उदार क्रेडिट देणाऱ्या सरकारी विद्यापीठात आणि भरपूर परीक्षा दिलेल्या असतील तर वर्ष वाचलेली मुले मी पाहिली आहेत, पण ती बारावीपर्यंत सावकाश साठवलेल्या क्रेडिटांवर. मुलीच्या मनात पुढे वैद्यकीय शिक्षण असेल, तर आणखी एक गोष्ट सांगून ठेवते: बऱ्याच वैद्यकीय महाविद्यालयांना पूर्वअटीचे विषय प्रत्यक्ष कॉलेजात शिकलेले हवे असतात, केवळ एपीचे क्रेडिट त्यांना पुरत नाही.

आता तिला गुण मिळतील का, याविषयी. कॅल्क्युलस बीसीच्या निकालाकडे पाहून अनेकांची दिशाभूल होते. अलीकडच्या वर्षांत ही परीक्षा देणाऱ्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक मुलांना ५ मिळतात. २०२४ पर्यंत एपीच्याच फिजिक्स १ मध्ये हेच प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होते. म्हणून बीसी सोपी आहे असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. बीसीला बसणारी मुले मुळातच गाळून आलेली असतात: त्यांचे प्रीकॅल्क्युलस पक्के असते, पुष्कळांचे एबी झालेले असते आणि वर्षभर रोज एक तास शिक्षक समोर असतो. तुमची मुलगी प्रीकॅल्क्युलस शिकता शिकताच त्यांच्या रांगेत उभी राहू पाहते आहे.

यात अडचण कॅल्क्युलसची नसते. डेरिव्हेटिव्हचे, म्हणजे बदलाचा दर काढण्याचे, नियम हुशार मूल पंधरवड्यात उचलते. गाडी अडते ती खालच्या थरावर: युनिट सर्कलवरच्या किमती क्षणात आठवत नाहीत, लॉगॅरिदमचे नियम डळमळीत असतात, अपूर्णांक फोडताना चिन्ह चुकते, आणि ध्रुवीय समीकरणाचा आलेख डोळ्यांसमोर येत नाही. हे सगळे प्रीकॅल्क्युलसच्या वर्गात बहुधा फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालते, म्हणजे जेव्हा तिला ते हाताशी हवे असेल तेव्हा शाळेत ते शिकवून झालेलेच नसेल. त्यात बीसीच्या दहा घटकांपैकी शेवटचा, अनंत सीरीजचा (न संपणाऱ्या बेरजांचा) घटक एकट्यानेच परीक्षेचा १७ ते १८ टक्के भाग व्यापतो. घरी अभ्यास करणारी मुले तिथे एप्रिलमध्ये धापा टाकत पोहोचतात आणि बेरीज ठरावीक संख्येकडे जाते की नाही हे पाहण्यासाठी कोणती कसोटी कधी लावायची याची यादी पाठ करून परीक्षेला बसतात.

परीक्षेची रचनाही सांगते, कारण आपल्या पिढीतील पालकांना बोर्डाच्या उत्तरपत्रिकेची सवय आहे आणि हे तपासणे थोडे वेगळे आहे. पहिल्या भागात ४५ बहुपर्यायी प्रश्न पावणेदोन तासांत सोडवायचे असतात, त्यांतले ३० कॅल्क्युलेटरशिवाय. दुसऱ्या भागात सहा दीर्घोत्तरी प्रश्न दीड तासात, म्हणजे प्रत्येकी पंधरा मिनिटे. प्रत्येक प्रश्नाला ९ गुण आणि दोन्ही भागांना निम्मे-निम्मे वजन. २०२५ पासून बहुपर्यायी भाग संगणकावर असतो, दीर्घोत्तरे मात्र कागदावर हातानेच लिहायची असतात. चुकीच्या पर्यायासाठी गुण कापणे २०११ सालीच बंद झाले, त्यामुळे प्रश्न कोरा सोडण्यात काही अर्थ नाही. पूर्वी प्रसिद्ध झालेल्या परीक्षांवरून पाहता ५ मिळण्यासाठी एकूण गुणांच्या दोन-तृतीयांशांच्या आसपास पोहोचावे लागते, म्हणजे चुकांना पुष्कळ वाव आहे. तरीही घरी शिकलेल्या मुलांचे गुण दीर्घोत्तरांत सांडतात.

याची दोन उदाहरणे देते. समजा, डिफरन्शियल इक्वेशन (बदलाच्या दरावरून मूळ फलन शोधण्याचे समीकरण) सोडवायचे आहे. मुलाने दोन्ही चलांची पदे वेगळी केली, दोन्ही बाजूंचे इंटिग्रेशन बरोबर केले, पण अधिक सी हा स्थिरांक लिहिला नाही आणि थेट शेवटचे उत्तर काढले. गुणदान-निकषांनुसार इथून पुढचे बहुतेक गुण गेले, कारण सुरुवातीची अट वापरून सी काढणे हाच पुढचा टप्पा असतो. आणि चले वेगळीच केली नसतील, तर त्या संपूर्ण उपप्रश्नाला शून्य. मग पुढचे लेखन कितीही नीटनेटके असो. दुसरे उदाहरण शब्दांचे आहे. एखाद्या बिंदूवर फलनाची स्थानिक न्यूनतम किंमत का आहे हे सांगताना मूल लिहिते, “कारण ते ऋणाचे धन होते.” ‘ते’ म्हणजे काय, फलन की त्याचे डेरिव्हेटिव्ह? तपासणाऱ्याला अंदाज बांधण्याची मुभा नसते, म्हणून कारणाचा गुण मिळत नाही. “जी-प्राइमचे (म्हणजे जी या फलनाच्या डेरिव्हेटिव्हचे) चिन्ह त्या बिंदूवर ऋणाचे धन होते” असे लिहिले की तोच गुण पदरात पडतो. ही शिस्त वर्गात शिक्षक महिनोन्महिने लाल पेन चालवतो तेव्हा अंगात भिनते. चित्रफिती पाहून ती येत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की निर्णय मनाने न घेता ऑक्टोबरमध्ये एक चाचणी घेऊन घ्यावा. ऑक्टोबर अशासाठी की एपी परीक्षेची नोंदणी आता शरद ऋतूतच होते. शाळांना नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत मागणी पाठवावी लागते आणि बहुतेक शाळांची स्वतःची मुदत त्याही आधी संपते. २०२५ साली अमेरिकेत एका परीक्षेचे शुल्क ९९ डॉलर होते, उशिरा नोंदणी केली तर त्यावर ४० डॉलर वेगळे, आणि नोंदवून परीक्षा दिली नाही तरी ४० डॉलर आकारले जात. शिकवणी नसलेल्या विषयाची परीक्षा देण्यासाठी शाळेच्या एपी समन्वयकांकडून केवळ परीक्षेपुरता जोडणी-संकेत (जॉइन कोड) घ्यावा लागतो. समन्वयकांनी नकार दिला तर दुसरी शाळा शोधावी लागते, आणि त्यातही आठवडे जातात. तेव्हा समन्वयकांना चौकशीचा ईमेल आजच पाठवा. त्याने तुम्ही कशालाच बांधल्या जात नाही.

चाचणीचे दोन भाग ठेवा. पहिला भाग कॅल्क्युलसचा नाहीच: त्रिकोणमिती, लॉगॅरिदम, बहुपदींचा भागाकार आणि अपूर्णांकांची फोड यांवरचे प्रश्न, कॅल्क्युलेटरशिवाय आणि घड्याळ लावून. तिथे अडखळली तर या मे महिन्याचा विषय मिटला असे समजावे. दुसऱ्या भागासाठी तिला मर्यादा आणि डेरिव्हेटिव्ह हे सुरुवातीचे घटक कॉलेज बोर्डाच्या मोफत चित्रफितींवरून शिकू द्या. मग एपी सेंट्रल या संकेतस्थळावर मागील वर्षांचे दीर्घोत्तरी प्रश्न, गुणदानाचे निकष आणि विद्यार्थ्यांची नमुना उत्तरे मोफत आहेत, त्यांतले केवळ डेरिव्हेटिव्हवरचे उपप्रश्न निवडून द्या. तक्त्याचा प्रश्न यासाठी उत्तम. वेगवेगळ्या वेळी मोजलेले पाण्याचे तापमान दिलेले असते. त्यावरून पाचव्या मिनिटाला बदलाचा दर अंदाजायचा आणि त्या उत्तराचा अर्थ एककांसह सांगायचा असतो. “पाचव्या मिनिटाला पाण्याचे तापमान मिनिटाला ०.४ अंशाने कमी होत आहे” हे तिने आपणहून लिहिले, तर समज खोल आहे. “तापमान ०.४ अंशाने कमी झाले” असे लिहिले, तर आकडेमोड बरोबर असूनही डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय हे अजून उमगलेले नाही. निकष समोर ठेवून तिचे उत्तर तुम्हीच तपासा. निकष इतके स्पष्ट असतात की गणिताचा सराव सुटलेल्या पालकालाही ते जमते.

आता तो तिसरा प्रश्न, ज्यावर माझा कटाक्ष आहे. समजा, तिने मे महिन्यात बीसी दिली आणि ५ मिळाले. मग अकरावीत काय? शाळेत वरचा वर्ग नसेल, तर कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात) ड्युअल एनरोलमेंटमधून, म्हणजे हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचा वर्ग घेऊन, मल्टिव्हेरिएबल (अनेक चलांचे) कॅल्क्युलस आणि बारावीत लिनिअर अल्जिब्रा घेता येईल का, शाळा त्यासाठी वेळापत्रकात जागा देईल का, कॉलेजपर्यंत तिला कोण नेणार-आणणार, हे आधी विचारा. ही सोय असेल तर दहावीतली बीसी सार्थकी लागते. नसेल तर दोन वर्षे गणिताशिवाय जातात, आणि अठराव्या वर्षी जुन्या ५ गुणांच्या बळावर थेट तिसऱ्या सत्राच्या कॅल्क्युलसमध्ये बसलेली मुलगी इंटिग्रेशनच्या पद्धतीही विसरलेली असते. दोन वर्षे पोहणे सोडलेल्या मुलाला केवळ जुने प्रमाणपत्र पाहून खोल पाण्यात उतरवण्यासारखे आहे हे. शिवाय प्रवेश-समित्या ट्रान्सक्रिप्ट (विषय आणि श्रेणींचे अधिकृत पत्रक) पाहतात, आणि इंजिनीअरिंगसाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थिनीच्या शेवटच्या दोन वर्षांत गणित नसेल तर ते खटकते. बाहेरून दिलेल्या परीक्षेतले ५ चांगले दिसतात, पण वर्षभराच्या अवघड वर्गातील श्रेणीची जागा ते सहसा घेत नाहीत.

ड्युअल एनरोलमेंटविषयी एक सावधगिरीची सूचना. तिथे मिळालेली श्रेणी कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायमची राहते आणि पुढे प्रत्येक कॉलेजला सांगावी लागते. एपीचे गुण कमी आले तर अनेक ठिकाणी ते न कळवण्याचा पर्याय असतो. सी श्रेणीच्या बाबतीत तसे करता येत नाही. म्हणून गणितात वेगाने जाणारी, पण वेळापत्रकाच्या बाबतीत अजून कच्ची असलेली मुले मी आधी एपीकडे वळवते आणि कम्युनिटी कॉलेजकडे नंतर.

तुम्ही लिहिलेल्या परिस्थितीत मला स्वतःला मधला मार्ग सर्वांत बरा वाटतो. या वर्षी प्रीकॅल्क्युलस कसून करावे, आणि अकरावीत एबी वगळून थेट बीसीच्या वर्गात बसू देण्याची विनंती काउन्सेलरकडे करावी. अनेक शाळा एबी ही बीसीची पायरी असल्याप्रमाणे क्रम लावतात, पण अभ्यासक्रमात तशी अट नाही. एबीचे सगळे विषय बीसीत येतातच आणि बीसीच्या निकालात एबीच्या भागाचे वेगळे गुणही कळवले जातात. असे केल्यास तिचे एक वर्ष खरोखर वाचते आणि शिक्षकही मिळतो. बारावीत मग कम्युनिटी कॉलेज, किंवा शाळेत असल्यास कॅल्क्युलसवर आधारित फिजिक्स सी. या मे महिन्यात तिला एखादी गणिताची परीक्षा द्यायचीच असेल, तर २०२४ पासून एपी प्रीकॅल्क्युलसची परीक्षा आहे. निवडक कॉलेजांत तिच्या क्रेडिटाला फार किंमत नाही, पण परीक्षागृहातील वेळेचा आणि लेखनाचा सराव होतो, आणि अभ्यास तर शाळेत होणारच आहे.

सायकॉलॉजी आणि एन्व्हायरनमेंटल सायन्स या घरी अभ्यास करून देण्याजोग्या परीक्षा म्हणून ओळखल्या जातात, आणि वाचनाची गोडी असेल तर ते खरेही आहे. पण दोन्ही नकोत, एकच निवडावी, आणि तीही तिला त्या विषयाचे कुतूहल असेल तरच. विज्ञान शाखेच्या मुख्य विषयासाठी एन्व्हायरनमेंटलचे क्रेडिट बऱ्याचदा मोजले जात नाही. केवळ फी वाचवणे हा हेतू असेल आणि मुलगी राज्यातील सरकारी कॉलेजात जाण्याची शक्यता असेल, तर क्लेप या, कॉलेज बोर्डाच्याच क्रेडिटसाठीच्या परीक्षांचीही चौकशी करावी. त्या मे महिन्याची वाट न पाहता वर्षभर देता येतात, आणि मॉडर्न स्टेट्स ही संस्था मोफत अभ्यासक्रम आणि शुल्काचे व्हाउचर देते. निवडक खासगी कॉलेजे मात्र क्लेपला बहुधा विचारत नाहीत.

ओझ्याविषयीची तुमची काळजी अनाठायी नाही, पण तिचे उत्तर परीक्षांच्या संख्येत शोधू नका. मुलगी रविवारी संध्याकाळी आपणहून वही उघडते की तुम्हाला आठवण करावी लागते, हे दोन महिने पाहा. आपणहून उघडत असेल आणि चाचणीही चांगली गेली, तर तिला अडवू नये. मग बीसीची नोंदणी करा, सायकॉलॉजीचा विचार पुढच्या वर्षावर टाका आणि आठवड्यातून एकदा तिची दीर्घोत्तरे तपासणारे कुणीतरी शोधा, शाळेतील बीसीचे शिक्षक मधल्या सुट्टीत तयार झाले तर सर्वांत उत्तम. निकाल जुलैमध्ये लागतो आणि कमी गुण आले तरी पुढच्या मे महिन्यात पुन्हा बसता येते.

उत्तर अधिक नेमके देण्यासाठी मला दोन गोष्टी कळायला हव्यात: ज्या तीन-चार कॉलेजांचा तुम्ही विचार करता आहात त्यांच्या संकेतस्थळांवर बीसीच्या ४ आणि ५ गुणांपुढे काय लिहिले आहे, आणि तुमच्या जवळच्या कम्युनिटी कॉलेजात मल्टिव्हेरिएबलचा वर्ग दुपारी तीननंतर भरतो का. ही माहिती आणि ऑक्टोबरच्या चाचणीतील तिचे एखादे उत्तर जसेच्या तसे पाठवलेत, तर मी ते निकषांनुसार तपासून कळवीन.